अन्न अंगी कसे लागते

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



माझ्या व्याख्यानाची वेळ ठरविताना आपल्या चिटणीसांनी माझ्यावर थोडा अन्यायच केला आहे. सकाळचा गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार लांबला, मागच्या अंगणातून फोडणीचा वास सभागृहात येऊ लागला, आणि अशा वेळी पचनक्रियेवर बोलण्यासाठी त्यांनी मला उभे केले आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे लक्ष माझ्याकडे नसून स्वयंपाकाकडे आहे, हे मला येथून स्पष्ट दिसते. परंतु त्याबद्दल माझी तक्रार नाही. कारण ज्या क्षणी तो वास आपल्या नाकात शिरला, त्याच क्षणी आपल्या पचनाला आरंभ झाला आहे. तोंडाला पाणी सुटले, जठरात रस पाझरू लागला. अन्नाचा एक कणही पोटात गेलेला नसताना हे सारे घडते. रशियातील पाव्हलॉव्ह ह्या शास्त्रज्ञाने ते कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले आणि पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा चिटणीसांनी माझ्या व्याख्यानाचे प्रात्यक्षिक आधीच सुरू केले, असे मी समजतो.

आपल्या आया-आज्यांच्या बोलण्यात एक वाक्य नेहमी येई. ‘पोरगा खातो भरपूर, पण अंगी लागत नाही.’ खाणे निराळे आणि अंगी लागणे निराळे, हा भेद त्यांनी कोणतेही शास्त्र न शिकता ओळखला होता. आजचा माझा विषय तोच आहे.

प्रथम एक गोष्ट सांगतो, ती ऐकायला चमत्कारिक वाटेल. आपण गिळलेला घास पोटात गेला तरी तो अद्याप आपल्या शरीराच्या बाहेरच असतो. तोंडापासून गुदद्वारापर्यंत जाणारी नळी दोन्ही टोकांना उघडी आहे. घराच्या अंगणातून एखादी पायवाट जावी, तशी ती आपल्या देहातून गेलेली आहे. वाटेवरून धान्याची गाडी गेली म्हणजे घरात धान्य आले, असे होत नाही. ते उंबरठा ओलांडून आत आले पाहिजे. हा उंबरठा म्हणजे लहान आतड्याची भिंत. त्याआधीचे सारे कार्य अन्नाचे तुकडे उंबरठ्यातून जातील इतके बारीक करण्याचे असते.

तोंडाविषयी फार बोलत नाही. दातांचे काम सर्वांना ठाऊक आहे. लाळेतील एक पाचक द्रव्य भातातील व पोळीतील पिष्टावर काम सुरू करते, म्हणूनच पोळीचा साधा घास बराच वेळ चावला की गोडसर लागू लागतो. ज्यांचे दात गेले आहेत आणि कवळी ट्रंकेत पडून आहे, अशा वडील मंडळींनी ती बाहेर काढावी, एवढेच सांगून पुढे जातो.

जठर हे पचनाचे मुख्य स्थान, अशी आपली परंपरागत समजूत आहे. जठराग्नी हा शब्दच तिची साक्ष देतो. जठरात नेमके काय चालते, हे जगाला कळले ते एका अपघातामुळे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर एका दुकानात बंदूक चुकून उडाली आणि ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण मजुराच्या पोटाला मोठी जखम झाली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमंट ह्याने त्याचे प्राण वाचविले, पण जखमेचे भोक कायम राहिले आणि त्यातून जठराच्या आत पाहता येऊ लागले. बोमंटने रेशमी दोऱ्याला मांसाचे व भाजीचे तुकडे बांधून ते आत सोडले आणि काही वेळाने ओढून पाहिले. जठरातील रस काढून तो कुपीत ऊबदार ठेवला, तर मांस कुपीतही विरघळते, हे त्याने दाखविले. दोनशेहून अधिक प्रयोग करून त्याने १८३३ साली आपला ग्रंथ छापला. ह्या ग्रंथाचे महत्त्व वादातीत आहे. तथापि त्या गरीब मजुराची बाजू मला नेहमी अस्वस्थ करते. पोटासाठी चाकरी करायची आणि पोटच मालकाला पाहू द्यायचे! १८८० साली तो वारला, तेव्हा डॉक्टरांच्या हाती देह पडू नये म्हणून घरच्यांनी दफन मुद्दाम लांबविले. त्यांना दोष देणे मला जमत नाही.

असो. जठरातील आम्ल अत्यंत तीव्र असते. ते अन्नाबरोबर आलेल्या बहुतेक जंतूंचा नाश करते आणि डाळीतील, दुधातील, मासळीतील प्रथिनांची घट्ट गुंडाळी सैल करते. मग पेप्सिन नावाचे द्रव्य त्यांचे तुकडे पाडू लागते. परंतु शस्त्रक्रियेने जठर काढून टाकलेली माणसेही थोडे थोडे खाऊन व औषधांच्या आधाराने वर्षानुवर्षे जगतात. लहान आतडे काढून टाकले, तर केवळ तोंडाने अन्न खाऊन माणूस जगू शकत नाही. जठर हे कोठार आणि जाते आहे. खरा व्यवहार पुढे होतो.

जठरातून कालवलेला आंबट काला थोडा थोडा करून लहान आतड्यात उतरतो. तेथे स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस आम्लाचा जोर मोडतो आणि पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ ह्या तिघांवरही काम करणारी द्रव्ये पुरवितो. यकृतातून पित्त येते. पित्त हा शब्द आपण जळजळीला लावतो, पण ती जळजळ जठरातील आम्लाची असते. बिचारे पित्त निराळेच काम करते. तुपाचे भांडे निव्वळ पाण्याने निघत नाही, त्याला साबण लागतो, हे भगिनींना सांगायला नको. पित्त हा शरीराचा साबण आहे. आज वरणावर जी तुपाची धार पडेल, तिचे सूक्ष्म थेंब करण्याचे काम तो करील. तूप-तेलाचा पचलेला अंश रक्तात थेट शिरत नाही. तो लसिकावाहिन्यांतून वर चढत डाव्या खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत जाऊन रक्ताला मिळतो. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे त्याच्या सोबतीनेच आत येतात. म्हणून गाजराच्या कोशिंबिरीला तेलाची फोडणी देण्याची आपली रीत शास्त्राला धरून आहे.

आता त्या उंबरठ्याकडे येऊ. लहान आतडे सुमारे वीस फूट लांब असते. पण त्याची थोरवी लांबीत नाही. आतून त्याला वळ्या असतात, वळ्यांवर मखमलीच्या लवीसारखे अंकुर असतात. एकेक अंकुर मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान, आणि अंकुरावरील प्रत्येक पेशीवर पुन्हा सूक्ष्म केसांसारखी रचना. हे सारे उलगडून अंथरले, तर टेनिसच्या मैदानाएवढे होईल, असे माझ्या विद्यार्थिदशेत आम्हांला शिकविले होते आणि परीक्षेत तसे लिहून आम्ही गुणही मिळविले. २०१४ साली स्वीडनमधील दोघा संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा ते सुमारे ३० चौरस मीटर भरले. म्हणजे मुंबईच्या जुन्या चाळीतील दोन खोल्यांएवढी जागा. टेनिसचे मैदान गेले, तरी पोटात दोन खोल्या बाळगणे हेही कमी नव्हे.

ह्या भिंतीवरच अखेरची फोड होते. पिष्टाचे ग्लुकोज, प्रथिनांची ॲमिनो आम्ले, आणि दुधातील साखरेचेही विभाजन तेथेच. दुधाची साखर फोडणारे द्रव्य बालपणानंतर पुष्कळांत कमी होत जाते. म्हणून ज्यांना पेलाभर दुधाने पोट फुगते, त्यांना तेच दूध दही-ताकाच्या रूपाने बाधत नाही. आत गेलेले ग्लुकोज व ॲमिनो आम्ले एका मोठ्या शिरेने थेट यकृताकडे जातात आणि तेथून पुढे त्यांची वाटणी होते. भिंतीच्या पेशींचे आयुष्य अवघे तीन ते पाच दिवसांचे असते. जुन्या झडतात, नव्या येतात. दीर्घ उपासमारीत हे नूतनीकरण मंदावते, अंकुर खुरटतात आणि मग दिलेले अन्नही अंगी लागेनासे होते. कुपोषित मुलाला एकदम भरपूर खाऊ घालून चालत नाही, त्याचे हे एक कारण.

आता पाण्याचा हिशेब ऐका, कारण माझ्या बोलण्यातील खरी गोष्ट येथे आहे. आपण दिवसाकाठी दोनेक लिटर द्रव पितो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा व आतड्याचा रस मिळून शरीर स्वतःचे आणखी सुमारे सात लिटर ओतते. म्हणजे नळीत रोज नऊ लिटर पाणी उतरते, आणि बाहेर पडते ते फार तर १०० ते २०० मिलिलिटर. बाकीचे सारे भिंत परत शोषून घेते. हा व्यवहार एक दिवस बिघडला, तर काय होईल, ह्याचा अंदाज आपण करू शकाल.

१९५९ सालच्या श्रावणात तो आमच्या घरात बिघडला. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आमचे गाव. मी नऊ वर्षांचा होतो, धाकटा भाऊ चार वर्षांचा. त्याला पहाटेपासून जुलाब व उलट्या सुरू झाल्या. पाणी दिले की पुन्हा जुलाब होतात, असे पाहून घरच्या मोठ्या माणसांनी पाणी बंद केले. पोटाला विश्रांती द्यावी, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता, पुष्कळ वैद्य-डॉक्टरही तेच सांगत. दुपारी चुलीवर सर्वांसाठी पेज होती. त्याने तिच्याकडे बोट दाखविले. आजीने त्याच्या ओठांना ओला बोळा लावला आणि ती देवघरात जाऊन बसली. तरीला पूर आलेला, पलीकडे जाणे अशक्य. दिवेलागणीला तो गेला. आजीवर मी कधी राग धरला नाही. तिचे प्रेम आमच्या सर्वांपेक्षा अधिक होते आणि तिने तेच केले, जे योग्य म्हणून तिला सांगितले गेले होते. मात्र त्या पेजेच्या भांड्यात काय होते, हे मला कळायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

ग्लुकोज आतड्याच्या पेशीत एकटे शिरत नाही. मिठातील सोडियमची सोबत असली, तरच त्याला दार उघडते. दोघांनी जोडीने आत जायचे, असा तेथील नियम आहे. रॉबर्ट क्रेन ह्या शास्त्रज्ञाने ही कल्पना १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील एका परिषदेत मांडली. ही जोडी आत गेली की पाणी तिच्या मागोमाग जाते. पटकीच्या विषामुळे आतड्याच्या पेशी पाणी बाहेर टाकू लागतात, परंतु हे जोडीचे दार त्या रोगातही शाबूत राहते. नुसते पाणी दिले तर ते पुरेसे आत जात नाही. नुसती साखर दिली तरी भागत नाही. योग्य प्रमाणात मीठ, साखर व पाणी एकत्र दिले, तर जुलाब चालू असतानाही शरीरात पाणी शिरते. पेजेत तांदळाचे पिष्ट असते, ते आतड्याच्या भिंतीशी ग्लुकोज होते, आणि आमच्या घरी पेजेत मीठ घालीत. आमच्या चुलीवर औषध शिजत होते.

ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर सिद्ध केली ती एका भारतीय डॉक्टरने, हे आपल्याला ठाऊक असावे. १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित आले. सीमेवरील बनगावच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तेथे पोहोचले, तेव्हा इस्पितळाच्या जमिनीवर रुग्ण पडलेले आणि सलाईनचा साठा संपत आलेला. त्यांनी कलकत्त्याला मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज मोजून पुड्या करविल्या, नळ बसविलेल्या पिंपांत द्रावण तयार केले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांकडेच सोपविले. डाक्क्याला मोजक्या रुग्णांवर असे प्रयोग आधी झाले होते, पण छावणीच्या गोंधळात अशिक्षित माणसांच्या हातून हे होईल, ह्यावर थोरांचा विश्वास नव्हता. छावणीत शेकडा ३० पर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्या खाली आले. २०२२ साली डॉ. महालनबीस वारले आणि २०२३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. हयातीत दिले असते, तर अधिक शोभले असते, असे माझे मत आहे.

आज ह्या पुड्या औषधांच्या कोणत्याही दुकानात मिळतात. एका पुडीला जेवढे पाणी छापले असेल, तेवढेच घ्यावे. अंदाजाने कमीजास्त करू नये. पुडी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अधिक पडले तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच हवा. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्या, त्यामुळे भिंत लवकर सावरते. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, शौचातून रक्त आले किंवा पाजलेले काहीच ठरेना, तर मात्र घरी न थांबता इस्पितळ गाठावे.

आता एक घरगुती विषय काढतो. तो आपल्याला थोडा बोचेल. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींच्या रक्तात रक्तद्रव्य कमी आढळले. आपली ज्ञाती शिकलेली आहे, आपल्या घरांत अन्नाला तोटा नाही, म्हणून आपण ह्या आकड्याबाहेर आहोत, असे कोणी समजू नये. चाळीस वर्षे मी दवाखाना चालविला. दम लागतो, पाय ओढतात, काम उरकत नाही म्हणून येणाऱ्या कित्येक भगिनी आपल्याच घरांतल्या होत्या, आणि ‘बायकांचे असे चालायचेच’ हे त्यांच्याआधी त्यांचे यजमानच मला सांगत.

ह्याला कारणे अनेक आहेत. पण त्यांतील एक थेट आजच्या विषयातले आहे. धान्य, डाळी व पालेभाज्या ह्यांतील लोह फार कष्टाने शोषले जाते. पानात वाढलेल्यापैकी बहुधा दहावा हिस्साही रक्तापर्यंत पोहोचत नाही. नको असलेले लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही, म्हणून किती आत घ्यायचे, हे उंबरठ्यावरच ठरते. लिंबू, आवळा, पेरू ह्यांतील क जीवनसत्त्व त्याला आत ढकलते. धान्यातील फायटेट आणि चहातील टॅनिन त्याला बाहेर अडवितात. साध्या पावाच्या न्याहारीबरोबर चहा दिला असता लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. कडधान्यांना मोड आणल्याने आणि पीठ आंबविल्याने फायटेट कमी होते. मटकीची उसळ व आंबोळी ह्यांचे मोल त्यामुळे केवळ चवीचे नाही.

आता आपली पंगत डोळ्यांसमोर आणा. पानाच्या डाव्या बाजूला वर मीठ आणि लिंबाची फोड वाढतात. पहिल्या पंगतीला पुरुषमंडळी. शेवटच्या पंगतीला भगिनी बसतात, तेव्हा उसळ तळाला गेलेली असते, लिंबाच्या फोडी संपलेल्या असतात, आणि भाताबरोबर उरलेली आमटी घेऊन त्या उठतात, तोच चहाचे आधण ठेवायचे असते. ज्या देहाला लोहाची गरज अधिक, त्याच्या पानात ते कमी, आणि जे थोडे पडले त्यावर चहा. हे वर्णन केवळ समारंभाचे नाही. पुष्कळ घरांत ही रोजची रीत आहे.

लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर त्याही चहा-दुधाबरोबर घेऊ नयेत. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्याव्या. मात्र रक्त तपासल्यावाचून महिनोगणती गोळ्या खाणे योग्य नव्हे. काही घराण्यांत थॅलसीमियाचा अंश असतो. त्यात रक्तद्रव्य कमी दिसते, परंतु लोह कमी असतेच असे नाही. आपल्या वधूवर सूचक मंडळाने पत्रिकेच्या जोडीला ही रक्ततपासणी मागावी, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिलेली आहे.

ज्यांच्याकडे मासे-अंडी वर्ज्य आहेत, त्यांनी ब-१२ ह्या जीवनसत्त्वाकडेही लक्ष द्यावे. ते वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहाऱ्यांना त्याचा आधार दूध-दह्याचाच, आणि तेही जठरातील एका प्रथिनाच्या सोबतीने लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषले जाते. वार्धक्यात जठराचे काम मंदावले की ही साखळी तुटते. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा ह्यांना नुसते वय समजू नये. साधी रक्ताची तपासणी करून घ्यावी.

मोठ्या आतड्याविषयी, तेथील उपकारक जंतूंविषयी, आणि ज्या विषयावर आपली वडील मंडळी रोज सकाळी चर्चा करतात त्याविषयी बोलायला आता वेळ नाही. आचारी दोनदा दारात येऊन गेले.

कार्यकारिणीशी माझे एवढे बोलणे झाले आहे. आजची पहिली पंगत भगिनींची होईल आणि वाढपी पुरुषमंडळी असतील. ज्यांना वाढण्याची सवय नाही, त्यांनी निदान लिंबाच्या फोडींचे तबक हाती घ्यावे. दीड वाजताचा चहा साडेतीन वाजता मिळेल. चिटणीसांना ते पसंत नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतेच आहे, परंतु त्यांनी शब्द दिला आहे. आणि दाराशी मेजावर मीठ-साखरेच्या पुड्या ठेवल्या आहेत. प्रत्येक कुटुंबाला दोन, लहान मुले असतील त्यांना चार. यादीवर सही करून न्याव्या.

पाने मांडली, असा निरोप आला आहे. मी आपली रजा घेतो.